दोन म्हणजे ये

पत्रेवाल्याच्या घरात कुणी हळू बोललं, की बाकीचे त्याच्या कपाळाला हात लावून बघायचे, ताप आहे का म्हणून. घर काही मोठं नव्हतं. पुढे कामाची पडवी, मधे एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि पडवीला चिकटून पत्रे ठेवायची अंधारी खोली. पण पडवीत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पत्रा ठोकला जायचा आणि ठोकणाऱ्यांचे कान तीस वर्षांत असे होऊन बसले होते, की ‘मीठ दे’ म्हटलेलं चार घरं पलीकडे ऐकू जावं. पत्रेवाल्याचा उजवा कान अर्धा गेलेला, धाकट्या भावाचा डावा पुरा. जेवायला बसताना दोघांची बाजू चुकली की जेवण संपेपर्यंत भांडण ठरलेलं, आणि भांडणाचा विषय दोघांचा वेगवेगळा. पत्रेवाल्याच्या विधवा आत्याचे कान मात्र सत्तरीतही शाबूत होते. तिचा आवाज त्याहून शाबूत होता. गाव तिला तोंडावर आत्या म्हणायचं आणि पाठीमागे भोंगा.

काम चालू असलं की मात्र तिथं तोंडानं हाक मारायची पद्धत नव्हती, कारण मारून उपयोगच नव्हता. पत्रेवाल्याच्या बापानं रीत घालून दिली होती. हातोडा उलटा धरायचा आणि दांड्यानं पत्र्यावर ठोकायचं, म्हणजे कामाच्या आवाजात तो आवाज वेगळा कळतो. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे ये, तीन म्हणजे धर. या तीन शब्दांवर दोन पिढ्यांचं काम बिनतक्रार चाललं होतं. भांडणं सगळी हातोडा खाली ठेवल्यावरची.

सुगी पाच-सहा आठवड्यांवर आली होती. मागच्या साली उंदरांनी गावाची फजिती केली होती, म्हणून धान्याच्या व्यापाऱ्यानं यंदा पत्र्याच्या चाळीस कोठ्या सांगितल्या होत्या, पुरुषाच्या छातीइतक्या उंच, घट्ट झाकणाच्या. कोठ्या होत होत्या. घोडं अडलं होतं झाकणांपाशी. झाकणाची आखणी पत्रेवाल्याची मुलगी करायची. सोळा वर्षांची पोर, पण कंपास आणि खिळा घेऊन पत्र्यावर असं वर्तुळ काढायची, की कापलेलं झाकण कोठीवर नुसतं ठेवलं तरी आतली हवा फुस्स करून बाहेर पडावी. या गोंगाटाच्या घरात ती एकटीच आवाज न करता वाढली, म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. दोन महिने झाले, मुंगी पडवीत कामाला आली नव्हती. आखणी धाकटा करत होता. त्यानं काढलेलं पहिलं वर्तुळ आत्यानं हातात धरून फिरवून पाहिलं आणि विचारलं, “हे झाकण कोठीचं आहे का भोपळ्याचं?”

व्यापारी माल बघायला आला तो भर दुपारचा. पोट पुढे, हात मागे, आणि प्रत्येक वस्तूला टिचकी मारून बघायची सवय. पडवीतल्या कोठ्या त्यानं एकेक करून बोटाच्या पेरानं ठोकल्या, मान हलवली आणि म्हणाला, “त्या आतल्या खोलीत एक दिसतेय, ती का लपवली?”

“ती राहू द्या,” पत्रेवाला घाईनं म्हणाला.

व्यापाऱ्याला ‘राहू द्या’ म्हटलं की ती वस्तू आधी बघावीशी वाटायची. तो आत शिरला आणि कोठीच्या पोटावर त्यानं दोनदा ठोकलं, टक टक.

“आले,” कोठी म्हणाली.

व्यापारी एवढा मागे सरकला, की पत्र्यांची अख्खी चवड त्याच्यामागे कोसळली. कोठीतून आधी केस वर आले, मग कपाळ, मग मुंगीचे भेदरलेले डोळे. तिनं व्यापाऱ्याकडे बघितलं, आपल्याला बोलावणारा हा नाही असं तिला कळलं असावं, आणि ती पुन्हा खाली बसली. आत तिनं गोधडी अंथरली होती. उशी होती. पाण्याचा तांब्यासुद्धा होता.

“पत्रेवाले,” छातीवर हात ठेवून व्यापारी म्हणाला, “मुलीचं डोकं फिरलंय की काय?”

पडवीबाहेर त्याचा गाडीवान उभा होता, समोरचा शिंपी मशीन थांबवून कान देऊन बसला होता. पत्रेवाल्यानं आयुष्यात अनेक शिव्या खाल्ल्या होत्या आणि तेवढ्याच दिल्या होत्या, पण या वाक्यावर तो खाली वाकून पडलेले पत्रे उचलायला लागला. एका पत्र्याच्या धारेनं अंगठा कापला, तरी तो उचलत राहिला.

खरं सांगायचं तर हे प्रकरण चार महिन्यांपूर्वीच सुरू झालं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण घरच तसं होतं. मुंगी अभ्यास सोडून पडवीत यायची आणि विचारायची, “हाक मारलीत?” आता त्या घरात दिवसाला शंभर हाका. मारणाऱ्यालाच आठवायचं नाही आपण मारली का. धाकट्याला वाटायचं दादानं मारली असेल, दादाला वाटायचं बायकोनं. आत्याला तर खात्री असायची की आपणच मारली, आणि ती लगेच एखादं काम सांगून मोकळी व्हायची. शंभरात चार हाका जास्तीच्या आल्या तर कुणाला पत्ता लागणार? मग मुंगीनं मैत्रिणीकडे जाणं सोडलं. मग शाळेत जाणं सोडलं, वर्गातल्या मुली माझ्यावरच हसतात म्हणाली. रात्रीची झोप गेली. मग एक दिवस ती त्या कोठीत जाऊन बसली. घरच्यांना वाटलं, वय आहे, पावसाळी हवा आहे, जाईल.

“लग्न करून टाका,” व्यापारी गेल्यावर समोरून शिंप्यानं सल्ला दिला. “लग्न झालं की सगळं ठीक होतं.”

“तुझं झालं ना?” आत्यानं तिथूनच विचारलं. “मग तू कधी ठीक होणार?”

शिंप्याचं मशीन पुन्हा सुरू झालं. पण त्या संध्याकाळी पत्रेवाल्याला जेवण गेलं नाही. चाळीस कोठ्या सुगीआधी झाल्या नाहीत तर व्यापारी दुसरीकडे जाईल, याची धास्ती होतीच. त्याहून मोठी धास्ती त्या एका कोठीत बसली होती. आपली पोर आपल्या डोळ्यांदेखत घरातल्या घरात हरवत चालली आहे आणि ती शोधायची कुठं, हेच त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी सगळं घर मुंगीला घेऊन बाजाराच्या गावच्या दवाखान्यात गेलं. एकट्यादुकट्यानं कुठं जायची त्यांची पद्धतच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी आधी मुंगीला एकटीला आत घेतलं. अर्धा तास दार बंद होतं. बाहेरच्या बाकावर आत्या म्हणत होती, हा पंखा वाजतो किती, आणि बाकावरचे बाकीचे रुग्ण तिच्याकडे बघत होते. मग सगळ्यांना आत बोलावलं.

“तिला कुणीतरी नाव घेऊन बोलावल्यासारखं वाटतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कधी टोचून बोलल्यासारखं. लोक आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं. तिला ते खरंच ऐकू येतं. भास आहेत म्हणून उडवून लावू नका. आणि आम्हालाही ऐकू येतं असंही म्हणू नका.”

“मला तर काहीच ऐकू येत नाही,” धाकटा प्रामाणिकपणे म्हणाला.

“वेडी झालीय का ती?” पत्रेवाल्यानं विचारलं. हळू विचारायचं म्हणून विचारलं होतं, तरी बाहेर बाकापर्यंत गेलं.

“नाही. आजार झालाय असंही मी आज म्हणणार नाही. समजा, आजार उंबऱ्याबाहेर येऊन उभा आहे. आत येईलच असं नाही. अशा वेळी दवाखान्यात येणारे फार थोडे, तुम्ही आलात हे चांगलं केलंत.” मग त्यांनी बोटं मोजून सांगितलं. झोप वेळेवर. पंधरा दिवसांनी मुंगीनं पुन्हा इथं येऊन बोलायचं, आणि मधे नर्सबाई घरी येऊन बघून जातील. एकटं पडू द्यायचं नाही, पण ओढतही न्यायचं नाही. शाळा हळूहळू. “आणि घरातला आवाज कमी करा. ओरडणं, बोल लावणं, टोमणे, भांडणं. हे जमेल?”

सगळ्यांनी एकदम, मोठ्यांदा सांगितलं, “जमेल!”

डॉक्टरीणबाईंनी कानावर हात ठेवला.

आणि खरंच, शब्दाला जागणारी माणसं होती ती. दुसऱ्या दिवसापासून पत्रेवाल्याच्या घरात सगळे कुजबुजायला लागले.

पत्रेवाल्यानं हातोड्यांना जुन्या गोधडीच्या चिंध्या गुंडाळल्या. कोठीची शिवण म्हणजे पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत अडकवून ठोकून बसवायच्या. चिंधीच्या हातोड्यानं ती बसेना. दिवसाला दोन कोठ्या व्हायच्या, तिथं एक होईना. ठोक्यांची रीतही बंद केली. बोलवायचं तर जाऊन खांद्याला हात लावायचा आणि चांगल्या कानाशी पुटपुटायचं. धाकट्याचा चांगला कान कोणता ते त्याच्या वहिनीच्या लक्षात राहायचं नाही, त्यामुळे तो ‘चहा झाला’ ऐकून कातर घेऊन यायचा. आत्यानं तोंडात पेपरमिंटची गोळी धरायची शक्कल काढली. गोळी असेपर्यंत तोंड बंद. पण तिची कुजबूज म्हणजे कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची वाफ होती, आणि ती गोळी दाताखाली फोडून दोन मिनिटांत मोकळी व्हायची. तीन दिवसांत पेपरमिंटचा पुडा संपला, दुसरा आणावा लागला. समोरच्या शिंप्याला एवढी शांतता सहन होईना. तो येऊन विचारून गेला, “कुणी गेलं का हो?”

मुंगी मात्र बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत गेली. पाण्याला म्हणून ती स्वयंपाकघरात आली, की तिची आई आणि आत्या कुजबुजता कुजबुजता गप्प व्हायच्या आणि दोघी तिच्याकडे बघून गोड हसायच्या. पडवीतून जाताना बाप आणि काका एकमेकांच्या कानाला लागलेले असायचे. ती दिसली की दूर व्हायचे. आधी ती जेवायला सगळ्यांत बसत होती, ते बंद झालं. ताट कोठीत गेलं. आठव्या दिवशी तिनं आतून हात वर करून झाकण ओढून घेतलं. झाकण धाकट्यानं कापलेलं होतं म्हणून बरं, हवा तरी आत जात होती.

त्याच दिवशी नर्सबाई आल्या. स्कूटर लावली, पिशवी काढली आणि पडवीत येऊन म्हणाल्या, “काय, कसं चाललंय?”

पत्रेवाला इकडे तिकडे बघून त्यांच्या कानाशी गेला आणि काहीतरी पुटपुटला.

“काय? मोठ्यानं बोला ना.”

तो परत पुटपुटला. बायको पुढे होऊन पुटपुटली. आत्या वाफ सोडल्यासारखं म्हणाली, “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आवाज कमी.”

नर्सबाईंनी एकेकाचं तोंड बघितलं. चिंध्यांचे हातोडे बघितले. आतल्या खोलीत जाऊन झाकण ओढलेली कोठी बघितली. मग त्या पालथ्या बादलीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि मग मात्र खडसावलं.

“अहो, आवाज कमी म्हणजे भांडण कमी! कुजबुजायला कुणी सांगितलं होतं? ज्या पोरीला वाटतंय की सगळे आपल्या पाठीमागे बोलतायत, तिच्या पाठीमागे तुम्ही आठ दिवस बोलताय!”

आत्यानं तोंडातली गोळी हातावर काढली. “म्हणजे मोठ्यानं बोललं तर चालतं?” तिनं विचारलं.

“चालतं. मोठ्यानं चांगलं बोला.”

“ते अवघड आहे,” आत्या म्हणाली, पण चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसत होतं.

पत्रेवाला उठून आत गेला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, या विचारानं त्याला स्वतःचीच चीड आली होती. कोठीपाशी तो बसला. दोनदा मुंगीला हाक मारली, झाकण हललं नाही. कोठीला दार नाही, कडी नाही. त्यानं बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं.

झाकण लगेच सरकलं. फटीतून मुंगीचा एक डोळा दिसला.

“मी दोनदा हाक मारली होती मघाशी,” पत्रेवाला म्हणाला, त्याच्या नेहमीच्या आवाजात. “तेव्हा का नाही उघडलंस?”

“ती तुमची होती का, मला कसं कळणार?” मुंगी म्हणाली. “हाका दिवसभर येतात. ठोकलंत म्हणून उघडलं. तो ठोकत नाही कधी.”

“तो कोण?”

फटीतला डोळा दिसेनासा झाला. पत्रेवाल्याला वाटलं, विचारायला नको होतं. पण आता विचारलंच होतं, आणि चार महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं, हेही त्याला तेव्हाच जाणवलं. तो बसून राहिला.

“आवाज,” ती शेवटी म्हणाली. “कधी आत्याआजीसारखा. जास्त करून तुमच्यासारखा. नाव घेतो. मी आले की म्हणतो, काही कामाची नाही ही.”

ते वाक्य पत्रेवाल्याचंच होतं. उन्हाळ्यात तिच्या हातून एक पत्रा तिरका कापला गेला होता, त्या दिवशी तो तिला ते म्हणाला होता, सगळ्यांसमोर, आणि म्हणून झाल्यावर विसरूनही गेला होता. त्याला एकदम रडू आलं. इतकी वर्षं ठोकाठोकी करून घट्टे पडलेल्या हातानं त्यानं डोळे पुसले, तर कापलेल्या अंगठ्याची चिंधी डोळ्याला लागली.

“तसं नाहीये गं,” तो म्हणाला. “तुझ्यावाचून झाकणं बसत नाहीयेत. काकाच्या झाकणातून उंदीर काय, मांजर जाईल.”

कोठीतून नाकातल्या नाकात हसल्यासारखा आवाज आला. अगदी बारीक. त्याच्या डाव्या कानानं तो बरोबर टिपला.

मग मुंगी म्हणाली, “मला तोंडानं हाक मारूच नका कुणी. ठोका. ठोकलं तर मी येईन. हाक आली तर समजेन, ती तुमची नाही.”

पत्रेवाला बाहेर आला तेव्हा नर्सबाई चहा पीत होत्या. त्यानं सगळं सांगितलं आणि खाली बघत विचारलं, “बाई, माझ्या बोलण्यानं झालं का हे?”

“नाही. एका वाक्यानं असं होत नसतं, आणि कशानं होतं ते मोठमोठ्यांना पुरतं माहीत नाही. पण बरं वाटायला तुमचा उपयोग होईल. तो करा. आणि ही ठोक्यांची युक्ती मी डॉक्टरीणबाईंना सांगते. तिची तिला सुचलीय ना, मग चालू द्या.”

त्या दिवसापासून घर पुन्हा वाजायला लागलं. चिंध्या निघाल्या. जिथं मुंगीला बोलवायचं तिथं ठोकायचं, हे ठरलं. पडवीत हातोड्याचा दांडा, स्वयंपाकघरात आईची उलथन्यानं तव्यावर टकटक. आत्यानं एक डाव आणि एक पातेल्याचं झाकण कमरेला अडकवलं आणि ती घरभर हिंडायला लागली. नव्याचे नऊ दिवस तिनं एवढं ठोकलं, की नर्सबाईंना तिला आवरावं लागलं. शिवाय तिला तीन शब्द पुरेनात. एकदा तिनं एका दमात अकरा ठोके मारले. मुंगी डोकं बाहेर काढून बघायला लागली.

“हे काय, आत्याआजी?”

“दूध तापवलंय, साय धरायच्या आत पिऊन घे, आणि केस विंचर, अवतार झालाय,” आत्या म्हणाली. “एवढं सगळं होतं त्यात.”

मुंगी दूध प्यायली. केस विंचरायला अजून चार दिवस गेले.

दुपारी पत्रेवाल्यानं दोन ठोके मारले की ती पडवीत यायची. पहिल्या दिवशी एक वर्तुळ काढलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी तीन. पत्र्यावर ऊन पडलं की डोळे दिपतात म्हणून ती पाठमोरी बसायची. खिळा टेकवायची, कंपास फिरवायची, कर्रकन रेघ उमटायची. कधी मधेच हात थांबायचा, मान तिरकी व्हायची. तेव्हा सगळ्यांना कळायचं की काहीतरी आलंय. कुणी काही बोलायचं नाही. धाकटा आपला पत्रा कापत राहायचा. एकदा तिनंच विचारलं, “काका, आत्ता कुणी बोललं?”

“मला विचारतेस?” धाकटा म्हणाला. “मला काल वीज पडलेली कळली नाही.”

ती हसली आणि उरलेली रेघ काढली.

सगळेच दिवस असे नव्हते. दोन दिवस ती कोठीतून उठलीच नाही. एकदा बापानं ठोकलं तरी आली नाही, आणि त्यानं पुन्हा ठोकलं नाही. तो खोलीच्या दारात बसून तिथंच शिवण मारत राहिला. औषधाच्या गोळ्या नव्हत्या, नुसतं बोलणं होतं, त्यामुळे आत्याला ते औषध वाटेना. पण पंधरवड्याला दवाखान्यात जाताना मुंगी आता आपणहून चपला घालायची. शिंप्याची मुलगी तिच्या वर्गातली, जुनी मैत्रीण. तिला कुणी सांगितलं माहीत नाही, पण एका सकाळी ती दप्तर घेऊन पडवीत आली आणि खांबाला लावलेल्या पत्र्यावर तिनं कंपासपेटीनं दोनदा ठोकलं. मुंगी आली. दोघी पायरीवर बसल्या. पुढच्या आठवड्यात मुंगी मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत गेली आणि परत आली. तेवढंच. मास्तरांनी हजेरी घेताना तिच्या नावाला बाकावर पेन्सिल ठोकली म्हणतात. ती रीत त्यांना मैत्रिणीनं आधी शिकवून ठेवली असणार.

माल न्यायचा दिवस उजाडला तेव्हा एकोणचाळीस कोठ्या पडवीबाहेर ओळीनं उभ्या होत्या, एकोणचाळीस झाकणं वर बसलेली. व्यापारी दोन गाड्या घेऊन आला. बरोबर हमाल होते, गाडीवान होता. शिंपी आपलं काम टाकून आला होता आणि रिकामी होती ती निम्मी आळीही आली होती. व्यापाऱ्यानं ओळीवरून नजर टाकली.

“चाळीस ठरल्या होत्या.”

“एक कमी घ्या,” पत्रेवाला म्हणाला.

“का? ती आतली आहे की.” व्यापाऱ्यानं मान वाकवून आत बघितलं आणि तिथं उभ्या असलेल्या मुंगीला पाहून तो मोठ्यांदा हसला. “काय गं, कोठीतले? घर खाली करायचं नाही का?”

लोक हसले. सगळे वाईट नव्हते, पण हसले. पत्रेवाल्याच्या कपाळावरची शीर उभी राहिली. महिनाभर त्यानं आवाज चढवला नव्हता, तो सगळा आवाज एकदम गळ्याशी आला. तिकडे आत्यानं तोंड उघडलंच होतं. आणि मुंगीचा चेहरा पांढरा पडत चालला होता. तिची मान तिरकी झाली, कुणीतरी शेजारून बोलत असावं तशी. पत्रेवाल्याला दिसत होतं, आता दोन पावलं मागे, गोधडीवर, आणि झाकण वर. पुन्हा ती कधी बाहेर येईल, कोण सांगणार? ओरडावं तर त्या ओरडण्यानंच ती जाईल, आणि गप्प बसावं तरी जाईल.

मुंगी मागे वळली. कोठीपाशी गेली. वाकली. आत हात घालून तिनं गोधडी बाहेर काढली, मग उशी, मग तांब्या. मग पडवीत येऊन शेवटचा पत्रा ओढला, जमिनीवर पसरला, काकाचा हातोडा उलटा धरला आणि दांड्यानं ठोकलं. एक. दोन. तीन.

तीन म्हणजे धर.

पत्रेवाला एका ढांगेत तिच्यापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी पत्रा दाबून धरला.

“आत्ता बोलतोय तो,” मुंगी त्याच्या डाव्या कानाशी म्हणाली. तिनं खिळा पत्र्यावर टेकवला. “हलू देऊ नका. मला रेघ सरळ काढायचीय.”

“धरलाय,” तो म्हणाला. “काढ.”

चाळिसाव्या कोठीचं झाकण तयार व्हायला पाऊण तास लागला. एरवी वीस मिनिटांत व्हायचं. ती थांबायची, खिळा उचलायची, श्वास घ्यायची, पुन्हा टेकवायची. पत्र्याची धार पत्रेवाल्याच्या तळहातात रुतली होती, मांडीला मुंग्या आल्या होत्या, घाम नाकावरून पत्र्यावर टपकत होता. त्यानं हात हलवला नाही. व्यापाऱ्यानं एकदा घड्याळ बघून घसा खाकरला, तेव्हा आत्यानं कमरेचा डाव काढून झाकणावर एकच ठोका हाणला. एक म्हणजे थांब. व्यापाऱ्याला ती भाषा येत नव्हती, तरी तो थांबला. हमाल तंबाखू मळता मळता बघत राहिले. मग मुंगीनं कातर चालवली, काकानं कडा दुमडून दिल्या, आणि तिनं झाकण आपल्या हातानं त्या कोठीवर ठेवलं. फुस्स करून हवा गेली. झाकण बसलं.

“न्या,” मुंगी म्हणाली.

पत्रेवाल्याला काहीतरी बोलायचं होतं, उन्हाळ्यातल्या त्या वाक्याच्या उलटं काहीतरी, सगळ्यांसमोर. “बघा,” तो एवढंच म्हणाला, फार मोठ्यांदा. पण मुंगीनं त्याच्याकडे बघितलं होतं.

व्यापारी पुढे झाला. सवयीनं त्याचा हात कोठीकडे गेला, मधेच थांबला. त्यानं झाकणाकडे बघितलं, मग आजूबाजूला.

“आत कुणी नाही ना?” त्यानं विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाली. “ठोका बिनधास्त.”

त्यानं बोटाच्या पेरानं ठोकलं, टक टक.

“आले,” त्याच्या शेजारी उभी असलेली मुंगी म्हणाली.